वर कोण ढोसणार?

३ जानेवारी, शुक्रवार

कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज काय खाल्लं ते लिहून काढा, वजन आपोआप उतरेल. वही आणली. लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला लाज वाटली, म्हणून ते लिहिणार नाही. काय खाल्लं ते माझं मला माहीत आहे आणि माझ्या पँटच्या बटणाला माहीत आहे. या वहीत दुसरंच लिहीन. कुणाला सांगता येत नाही ते.

मला भीती वाटते आहे. मार्चमध्ये आम्हा क्रेनवाल्यांची तपासणी आहे आणि या वर्षी नवीन नियम निघाला. डॉक्टर खाली उभे राहणार, आपण शिडी चढून केबिनपर्यंत न थांबता जायचं. मध्ये थांबला तो कायमचा खाली. गोदामात बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गेट दाखवायचं. लग्नाआधीपासून मी वर बसतोय. पत्र्याची ट्रकएवढी जड गुंडाळी अलगद उचलायची आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तशी खाली ठेवायची, हे शेडमध्ये माझ्याइतकं कुणाला जमत नाही. हे मी नाही, फोरमन म्हणतो.

पण शिडी सरळसोट उभी आहे, छपराला भिडलेली. हल्ली मी अर्ध्यावर थांबतो. छातीत भाता चालतो. खालून कुणी बघत असेल तर हातमोजा नीट करतोय असं दाखवतो. दुपारी जेवायला उतरणं तर मी कधीच सोडलं, उतरलं की परत चढावं लागतं. चहा आधीपासून दोरीने वर यायचा, सगळ्याच क्रेनवाल्यांचा येतो. आता डबाही दोरीनेच येतो. बसल्या जागी खायचं, बसल्या जागी पचवायचं. वजन वाढेल नाहीतर काय होईल?

६ जानेवारी, सोमवार

सकाळी चालायला सुरुवात केली. बायकोला बरोबर घेतलं. बागेला अर्धा फेरा झाला आणि दम लागला, म्हणून बाकावर बसलो आणि जरा डोळे मिटून विचार करत राहिलो. उघडले तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं आणि ही शेजारी बसून एकटक माझ्याकडे बघत होती. म्हटलं, काय बघतेस, सिनेमातला हिरो दिसतोय का? हसली नाही. चला म्हणाली, कामाला उशीर होईल.

हिला हल्ली विनोद कळत नाहीत.

१४ जानेवारी, मंगळवार

बायकोला काहीतरी झालंय.

ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. मोठी वाफेची इस्त्री असते, वरची फळी खाली दाबायची. आज मनगटाला पट्टी बांधून आली. विचारलं तर म्हणे चटका बसला. इतक्या वर्षांत कधी बसला नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं की उभ्या उभ्या डोळा लागला होता. उभ्या उभ्या! घोडा झोपतो उभा. माणूस झोपतो का?

संध्याकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि भिंतीला डोकं टेकून ही गप्प. दूध उतू गेलं, शेगडीवर जळलं, घरभर वास सुटला, तरी हिला पत्ता नाही. गालांची हाडं वर आलीत, डोळ्यांखाली काळं झालंय. माझं वजन उतरेना आणि हिचं मात्र उतरत चाललंय.

अशी झोप कशाने येते? रक्त कमी असेल? की डोक्यात काही असेल? कुणाला विचारायचीसुद्धा भीती वाटते.

१९ जानेवारी, रविवार

आज हिला समोर बसवून सांगितलं, डॉक्टरकडे जायचं. ती म्हणाली, मला काही झालेलं नाही. मग खाली बघत म्हणाली, तुम्हीच चला, झोपेत तुमचा श्वास थांबतो. हे तिने दिवाळीत पलंगाला नवी गादी घेतली तेव्हाही एकदा म्हटलं होतं. मी तेव्हा दिलं तेच उत्तर आज दिलं: थांबतो तर मी बसलोय कसा तुझ्यापुढे? भूत आहे का?

घोरतो, ते मान्य. आमच्या घराण्यात सगळेच घोरायचे. वडील घोरायला लागले की शेजारचे खिडकी लावून घ्यायचे आणि सकाळी तेच विचारायचे, झोप लागली का नीट? पण मेलं कुणी नाही त्याने.

आंघोळीला गेलो तेव्हा बरगडीखाली हिरवानिळा डाग दिसला. दाबलं तर दुखतो. केबिनमधल्या खुर्चीच्या दांड्याचा असणार. अंग वाढलं की जागा कमी पडते.

२२ जानेवारी, बुधवार

हिला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काय झालंय ते सगळं मीच सांगितलं, कारण ही तोंड उघडेना. उभ्याने झोपते, जेवताना झोपते, परवा बोलता बोलता झोपली. बाई ऐकत होत्या आणि बघत माझ्याकडे होत्या. हिला विचारलं, रात्री किती झोपता? हिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर का काढलं मला? नवऱ्यापुढे न सांगण्यासारखं काय असतं? बाकावर बसलो. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही. हिच्याशिवाय मी घरात एकटा बसलोय असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि जाईना. एक म्हातारी शेजारी बसली होती, तिने मला पाणी दिलं.

आत बोलावलं तेव्हा हिचे डोळे लाल झाले होते. आणि बाईंनी काय करावं? शिंप्यासारखी टेप काढली आणि माझ्या गळ्याचं माप घेतलं. रोगी ती, माप माझं! मग विचारत सुटल्या. दिवसा पेंग येते का? सकाळी डोकं दुखतं का? तोंड कोरडं पडतं का? मी प्रत्येकाला नाही म्हटलं. ही प्रत्येक वेळी हळूच मान हलवत होती, होकाराची. दोघांत मी खोटा पडलो.

बाई म्हणाल्या, घशातली वाट झोपेत मिटते, श्वास अडतो, मेंदू दचकून जागं करतो, परत तेच. झोप होत नाही म्हणून भूक जास्त लागते, भूक लागते म्हणून वजन वाढतं, वजन वाढतं म्हणून वाट आणखी मिटते. शिडीवर दम लागतो त्यालाही हे कारण असू शकतं. एक रात्र हॉस्पिटलात वायरी लावून झोपेची तपासणी करा.

आणि हिचं काय, विचारलं. तर म्हणाल्या, तुमचं झालं की त्यांचं आपोआप होईल.

हे काही मला समजलं नाही. दोघींनी संगनमत करून काहीतरी लपवलंय.

२३ जानेवारी, गुरुवार

झोपेची तपासणी करणार नाही. कंपनीच्याच विम्यातून करायची, म्हणजे कागद थेट कंपनीच्या डॉक्टरांच्या टेबलावर. क्रेनवाल्याला झोपेचा आजार, असं एकदा लिहिलं गेलं की शिडीची परीक्षा द्यायलाच नको. त्याच दिवशी खाली. हिला तसं सांगितलं. म्हटलं, वजन उतरवतो, मग सगळं उतरेल. ही म्हणाली, बरं. इतकं थंड बरं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. एरवी ही भांडते.

२ फेब्रुवारी, रविवार

चालणं चालू आहे. आता बागेचा फेरा पुरा होतो, बाकावर बसून का होईना. रात्रीचं जेवण अर्धं केलंय. काटा ढिम्म हलत नाही. वजनाचा काटाही फोरमनसारखाच आहे, केलेलं दिसत नाही, राहिलेलं दिसतं.

दुसरी कटकट म्हणजे शिट्टी. शिट्टी हा माझा खालचा माणूस, हुकाखाली उभा राहून शिट्टीने इशारा देतो. त्याचं खरं नाव पगारपत्रकातच उरलंय. एक शिट्टी वर, दोन शिट्ट्या खाली, लांब शिट्टी म्हणजे थांब. प्रत्येक शिट्टीला मी वरून भोंगा द्यायचा, ऐकलं म्हणून. भोंगा आल्याशिवाय तो हलत नाही आणि शिट्टी आल्याशिवाय मी हलत नाही. असे आम्ही दोघं जुने.

पण गेल्या आठवड्यापासून या माणसाला वेड लागलंय. हूक रिकामा उभा असतो, ट्रक यायचा असतो, काम काही नसतं आणि हा शिट्टी मारतो. मी दचकून भोंगा देतो. जरा वेळ जातो न जातो, परत शिट्टी. थांबलेल्या हुकाला कसली शिट्टी? विचारलं तर म्हणाला, शिट्टी खराब आहे का ते बघत होतो. म्हटलं, शिट्टी ठीक आहे, डोकं बघून घे. हसला नुसता. त्याच्या आदल्याच दिवशी तो आमच्या घरावरून गेला म्हणे, हिच्याशी फाटकात उभा राहून बोलत होता. काय बोलला विचारलं तर म्हणे काही नाही, सहज.

मला सोडून सगळे सहज बोलतात आजकाल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हे फक्त इथे लिहितो. मला खरंच पेंग येते. केबिनमध्ये ऊब असते, खालून यंत्रांचा एकसुरी आवाज येतो, आणि डोळे जड होतात. गालावर चापट मारतो, मिरी चावतो, पाण्याने तोंड धुतो. तरी मधला एखादा तुकडा गळून जातो. गुंडाळी इकडे होती, ती तिकडे गेलेली दिसते. मीच नेली असणार. दुसरं कोण नेणार?

नीट नेली, म्हणजे हात जागा होता. हातांना सवय आहे. असं मी स्वतःला समजावतो आणि घाम पुसतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षर लागेल की नाही कुणास ठाऊक.

शिट्टी रजेवर आहे, त्याचे सासरे आजारी. त्याच्या जागी पलीकडच्या शेडमधले काका आले. निवृत्तीला आलेले, नियमाला पक्के. लागेल तेवढीच शिट्टी, उगाच एक नाही. सकाळी मला वाटलं, वा, आज डोकं शांत आहे.

जेवण झाल्यावर एक गुंडाळी शेडच्या त्या टोकाला न्यायची होती. उचलली. काका पुढे चालत होते. मी दांडा पुढे केला, गुंडाळी सावकाश निघाली.

त्यानंतरचं मला आठवत नाही. मला आठवतो तो आरडाओरडा. डोळे उघडले तर हात दांड्यावर तसाच होता, गुंडाळी चाललेलीच होती आणि पुढे काका होते. त्यांच्या मागे रचलेल्या गुंडाळ्यांची भिंत. ते लांब शिट्टी मारत होते, गाल फुगवून, जीव तोडून. मी दांडा मागे खेचला. एवढं वजन असं लगेच थांबत नाही. काकांनी बाजूला उडी टाकली आणि गुंडाळी त्या भिंतीवर आदळली, जिथे त्यांची छाती होती तिथेच. शेड हादरली.

काकांचा हात मोडला. फक्त हात. सगळे म्हणत होते, देवाची कृपा, फक्त हात.

फोरमन शिडीखाली आला आणि ओरडून विचारलं, काय झालं? माझ्या तोंडून निघालं, ब्रेक उशिरा लागला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ब्रेक तपासला. नवरीसारखा ठाकठीक आहे. मग फोरमन मला बाजूला घेऊन म्हणाला, तुझ्यासारखा हात शेडमध्ये नाही, तुझी चूक असणं शक्यच नाही. काका चुकीच्या जागी उभे राहिले, तसंच रिपोर्टात जाईल. उद्या सही करून टाक.

मी मान डोलावली. घरी येईपर्यंत मान डोलावलेलीच होती बहुतेक.

काकांची चूक ठरली तर त्यांना औषधपाण्याचं काही मिळणार नाही, आणि जाता जाता कपाळावर डाग. त्यांनी शिट्टी वेळेवर मारली होती. ऐकणारा मीच नव्हतो.

डोळे मिटले की ती गुंडाळी चालताना दिसते. झोपायची भीती वाटते, आणि न झोपलो तर उद्या परत पेंग येईल त्याचीही. हिला ब्रेकचंच सांगितलं. ही माझा हात धरून बसली आणि तशीच बसल्या बसल्या झोपली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शिट्टी बातमी कळताच रजा अर्धी टाकून आला. सही करायला ऑफिसात जात होतो, त्याने मला गोदामामागे ओढलं. इतक्या वर्षांत त्याने मला कधी हात लावला नव्हता.

"झोपला होतास ना?" म्हणाला.

मी ब्रेकचं सुरू केलं. त्याने ऐकून घेतलं नाही.

"वहिनींनी मला सांगितलंय सगळं. त्या रात्रभर बसून असतात तुझ्याशेजारी. श्वास थांबला की कोपराने ढोसतात, चालू झाला की परत वाट बघतात. घरी मी आहे म्हणाल्या, पण वर कोण ढोसणार? म्हणून मी शिट्ट्या मारत होतो, गाढवा."

मी त्याला विचारलं, मग तू माझ्या हुकाखाली उभा कसा राहिलास? तो म्हणाला, पाय लटपटायचे रोज. पण मी नाही उभा राहिलो तर दुसरा कोणी राहील, आणि त्याला माहीत नसेल. रजा घेताना हे काकांना सांगायला हवं होतं, सांगितलं तर तुझी भाकरी जाईल म्हणून जीभ रेटली नाही. एवढं बोलून रडायला लागला. शेडमधला सगळ्यात दांडगा आवाज त्याचा, आणि रडताना आवाजच निघत नव्हता.

मी ऑफिसात गेलो. फोरमनने कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, यात काकांचं नाव खोडा. मला झोप लागली होती. तो म्हणाला, शुद्धीवर आहेस का, काय बोलतोयस कळतंय? म्हटलं, आज आहे शुद्धीवर, उद्याची खात्री नाही. म्हणून आजच लिहून घ्या.

केबिनची किल्ली तिथेच टेबलावर ठेवली. वर माझं पाण्याचं भांडं राहिलंय, ते शिट्टी आणेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हिच्यापुढे बसलो. बरगडीवरचा डाग दाखवला आणि विचारलं, हा तुझा ना? हो म्हणाली. विचारलं, कधीपासून? तर म्हणे, गादी घेतली तेव्हापासून. मला ओरडता आलं नाही. एवढंच विचारलं की मला हलवून, उठवून, भांडून सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं, तुम्ही भूत म्हणून हसलात.

मग तिने जे सांगितलं ते लग्नाला इतकी वर्षं होऊन मला माहीत नव्हतं. तिचे वडील झोपेत गेले एवढंच मला माहीत होतं. ते असेच घोरायचे, मध्येच थांबायचे. एका रात्री थांबले आणि सुरूच झाले नाहीत. तिची आई शेजारीच झोपली होती. घोरणं थांबलं म्हणून तिला गाढ झोप लागली.

"आई मरेपर्यंत म्हणायची, मला झोप लागली म्हणून ते गेले," ही म्हणाली. "मला तसं म्हणायचं नाही."

माझ्या भीतीपुढे मी हिची भीती पाहिलीच नव्हती. मला वाटत होतं, मी हिच्यासाठी घाबरलोय.

१ मार्च, शनिवार

झोपेची तपासणी झाली. डोक्यापासून पायापर्यंत वायरी. श्वास किती वेळा थांबला तो आकडा डॉक्टरीणबाईंनी सांगितला, मी बाईंना म्हटलं परत सांगू नका. मुखवट्याचं मशीन आणलं, नाकावर लावून झोपायचं, ते हवा आत ढकलत राहतं. आरशात पाहिलं. हत्तीचं पिल्लू.

कंपनीने गोदामात बसवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला गेट दाखवतो. बाई म्हणाल्या, सहा महिने मशीन वापरा, चाला, वजन उतरवा, मग वर जायचं की नाही ते बघू. मी म्हटलं, ते तुम्ही बघा, मला नका विचारू. काकांचा हात प्लास्टरमध्ये आहे. भेटायला गेलो तर त्यांनी चहा विचारला, नजर मात्र दिली नाही. बरोबरच आहे.

माझं डोकं दुखायचं थांबलंय. पण ही अजून झोपत नाही. मशीनचा आवाज ऐकत बसते. लाइट गेली तर? नळी निघाली तर? मी म्हणतो, अगं आता मी आहे ना. ती म्हणते, तुम्हीच तर नसता तेव्हा. हॉस्पिटलातून तिला घरी बसायला सांगितलंय, परत एक चटका बसला म्हणून. मी बरा होतोय आणि ही माझ्यासमोर वाळत चाललीय. बाईंना विचारलं, हिच्यासाठी मशीन नाही का? त्या म्हणाल्या, नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी उठलो तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं. मुखवटा काढला. ही माझ्याकडे पाठ करून पडली होती, एक हात पलंगाखाली लोंबत. नेहमी मी उठतो तेव्हा ही बसलेली असते. आज पडलेली होती आणि हलत नव्हती.

हाक मारली, उत्तर नाही. मी उठून पलीकडे गेलो, गुडघ्यावर बसलो आणि तिच्या नाकासमोर बोट धरलं. काही लागेना. माझंच काळीज इतकं धडधडत होतं की बोटाला काही कळेना. देवा, म्हटलं, हे काय केलंस, पाळी माझी होती. तेवढ्यात बोटाला ऊब लागली. मग परत लागली. ही घोरत होती, बारीक, मांजरीसारखी.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. दूधवाल्याने बेल वाजवायच्या आत दार उघडून त्याला हात जोडले, बेल नको म्हणून, आणि परत तिथेच येऊन बसलो.

ऊन पलंगावर आलं तेव्हा ती जागी झाली. आधी माझ्या जागेकडे पाहिलं. जागा रिकामी, मुखवटा उशीवर पडलेला. तिने जो श्वास आत ओढला तो मला जन्मभर ऐकू येईल. मी म्हटलं, "अगं, इथे आहे मी. खाली बघ."

तिने बघितलं. पलंगावरून खाली आली आणि दोन्ही हातांनी मला मारायला लागली, खांद्यावर, छातीवर, लागेल तिथे. "मला झोप लागली," म्हणत होती, "मला झोप लागली हो," आणि रडत होती. मी तिला मारू दिलं.